तीन अंशांचा वाद : कृत्रिम गुडघा नेमका बसवायचा कसा?

पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि उजवा त्यापुढच्या जूनमध्ये. तोवर गुडघा बदलणे ही बहुतेक मराठी घरांत ऐकीव गोष्ट होती. त्या दोन शस्त्रक्रियांनंतर ती शेजारपाजारच्या गप्पांत आली. त्यासाठी न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांचे नाव या विषयाच्या मुळाशीच आहे. जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि राणावत या तिघांनी न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत १९७४ मध्ये ‘टोटल कंडायलर’ हा कृत्रिम गुडघा वापरात आणला. आज जगभर बसवले जाणारे बहुतेक गुडघे त्याच घराण्यातले आहेत.

गुडघा चांगला चालतो हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघेबदलातले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. तरीही एक आकडा सर्जनांची पाठ सोडत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १,७०३ रुग्णांना विचारले असता १९ टक्क्यांनी आपण समाधानी नसल्याचे सांगितले. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि इतर देशांतले आकडेही त्याच्या आसपासच फिरत राहिले. धातू चांगला, प्लास्टिक चांगले, जंतुसंसर्ग नाही, एक्स-रे स्वच्छ, तरी पाचातला एक माणूस म्हणतो की हा गुडघा मला माझा वाटत नाही. या तक्रारीची कारणे अनेक आहेत, पण गेली पन्नास वर्षे संशय फिरून फिरून एका ठिकाणी येतो : इम्प्लांट नेमके कसे बसले आहे? किती अंश आत, किती अंश बाहेर, किती फिरलेले?

आधी मुळातली गोष्ट. गुडघा ‘बदलतात’ म्हणजे सांधा उपटून दुसरा लावत नाहीत. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरून आणि नडगीच्या वरच्या टोकावरून साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीचा थर कापून काढतात आणि त्या जागी धातूचे कवच व बैठक बसवतात. मध्ये पॉलिइथिलीनचा तुकडा येतो. आजूबाजूचे अस्थिबंध, स्नायू, वाटी बहुतांशी रुग्णाचेच राहतात. म्हणजे नवा सांधा जुन्या दोऱ्यांमध्ये बसवायचा असतो. हाडाचा काप जिकडे कलेल तिकडे इम्प्लांट कलते आणि इम्प्लांट कलले की दोऱ्या एका बाजूला ताणल्या जातात, दुसऱ्या बाजूला ढिल्या पडतात.

कापाची दिशा ठरवायला जी रेषा वापरतात ती साधी आहे. खुब्याच्या गोळ्याच्या केंद्रापासून घोट्याच्या केंद्रापर्यंत सरळ रेघ ओढा. माणूस उभा असताना शरीराचा भार साधारण या रेषेने खाली उतरतो आणि सरळ पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला असेल, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत व्हॅरस असेल, तर रेषा गुडघ्याच्या आतल्या कडेकडे सरकते. गुडघे एकमेकांकडे झुकले असतील, म्हणजे व्हॅल्गस, तर ती बाहेर जाते. गाडीचे अलाइनमेंट गेले की टायर एका कडेने झिजतो, तसे भार एका बाजूला पडला की प्लास्टिक त्या बाजूला झिजेल, बैठक सैल होईल, अशी पहिल्या पिढीची भीती होती. म्हणून त्यांनी नियम केला : मांडीचे हाडही या रेषेला काटकोनात कापायचे आणि नडगीही. यालाच यांत्रिक अलाइनमेंट म्हणतात.

या नियमात एक तडजोड दडलेली आहे आणि ती पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होती. निसर्गाने नडगीचा माथा काटकोनात ठेवलेला नाही. तो सरासरी तीनेक अंशांनी आतल्या बाजूला उतरता असतो आणि मांडीच्या हाडाचे टोक तितकेच उलट्या दिशेने कललेले असते. दोन्ही कल एकमेकांना फेडतात, पाय सरळ राहतो, पण सांध्याची रेघ भाररेषेशी काटकोनात नसून थोडी तिरपी असते. यांत्रिक पद्धतीत ही तिरपी रेघ आडवी केली जाते. गुडघा सरळ असताना ते चालून जाते, पण वाकवला की मांडीच्या बाजूचा भाग तीन अंश बाहेर फिरवून बसवावा लागतो, नाहीतर आतली आणि बाहेरची फट असमान होते. म्हणजे एका जागी केलेला बदल दुसऱ्या जागी वळवून भरून काढायचा. हे इतके सविस्तर सांगतो आहे कारण पुढचा सगळा वाद या तीन अंशांतूनच निघाला आहे.

मग या रेषेला इतके महत्त्व का मिळाले? त्या काळचे पुरावे तसे होते. १९७७ मध्ये लॉटके आणि एकर यांनी दाखवले की इम्प्लांट नीट बसले तर निकाल चांगला येतो. त्याहून गाजला तो १९९१ चा इंग्लंडमधला अभ्यास. जेफरी, मॉरिस आणि डेनम यांनी ११५ गुडघे तपासले. भाररेषा इम्प्लांटच्या मधल्या तिसऱ्या हिश्शातून गेली होती तिथे सैल होण्याचे प्रमाण ३ टक्के होते, आणि ती बाहेर गेली होती तिथे २४ टक्के. आठपट फरक! या अभ्यासाने ‘शून्यापासून तीन अंश इकडे किंवा तिकडे’ ही चौकट जवळजवळ कायद्यासारखी रुजवली. परिषदांमध्ये, परीक्षांमध्ये, शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेवर शेरा मारताना हाच मापदंड वापरला जाऊ लागला.

तो अभ्यास खोटा नव्हता, पण तो एका विशिष्ट काळाचा होता. त्यातले इम्प्लांट जुन्या घडणीचे होते. शिवाय त्या काळात पॉलिइथिलीन गॅमा किरणांनी हवेतच निर्जंतुक करायची रीत सर्रास होती. त्याने प्लास्टिकचे ऑक्सिडीकरण होऊन ते कालांतराने ठिसूळ होत असे. अशा प्लास्टिकला किंचित वाकडा भारही महागात पडणार. पुढे प्लास्टिक सुधारले, बैठकीची घडण सुधारली, सिमेंट लावण्याची रीत सुधारली, पण तीन अंशांची चौकट जिथल्या तिथे राहिली.

ती चौकट पाळणे हाताने किती अवघड आहे, याचा हिशेब करून पाहावा. नडगीच्या माथ्याची रुंदी ७० मिलिमीटर धरली तर एका कडेला अवघे १.२ मिलिमीटर जास्त कापले की एक अंश चुकला. ऑपरेशनमधल्या करवतीचे पातेही साधारण तेवढेच जाड असते. तोच एक अंश ४० सेंटीमीटर लांब नडगीवरून घोट्यापाशी पोहोचेतो ७ मिलिमीटर होतो. सर्जन खुबा पाहू शकत नाही, तो कापडाखाली आणि मांसाखाली असतो. म्हणून मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालतात आणि भाररेषेपासून हाड पाच ते सात अंश कललेले असते असे गृहीत धरून कापाचा साचा सळईवर चढवतात. नडगीला बाहेरून पट्टी लावून घोट्याचा मध्य नजरेने धरतात. सळई घालण्याचे छिद्र थोडे सरकले, पोकळी रुंद असली, करवत कडक हाडाला लागून वर उचलली गेली, सिमेंटचा थर एका बाजूला जाड बसला, की अंशाअंशाने चूक साचते. अनुभवी हातांनीही ती साचते. २००७ मध्ये मेसन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नेहमीच्या हत्यारांनी केलेल्या शस्त्रक्रियांत ३१.८ टक्के पाय तीन अंशांच्या बाहेर निघाले. जवळजवळ तिसरा हिस्सा.

याच विश्लेषणात संगणकाच्या मदतीने केलेल्या शस्त्रक्रियांत तो आकडा ९ टक्के होता. संगणकाची ही वाट फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथून सुरू झाली. डॉमिनिक सारागाग्लिया यांनी जानेवारी १९९७ मध्ये तिथे नॅव्हिगेशन वापरून पहिला गुडघा बसवला. हाडावर खुणेचे खांब रोवायचे, खुब्याभोवती पाय फिरवायचा, कॅमेरा त्या फिरण्यावरून खुब्याचे केंद्र शोधून काढतो आणि पडद्यावर कापाचा कोन अंशांत दिसतो. सळईही नको आणि अंदाजही नको. कोन सुधारले यात शंका नाही. रुग्णाला त्याचा फायदा झाला का, याचे उत्तर मात्र रेंगाळत आले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीने २०१५ मध्ये सांगितले की ६५ वर्षांखालच्या रुग्णांत नऊ वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण नॅव्हिगेशनने ६.३ टक्के, तर त्याशिवाय ७.८ टक्के होते. फरक खरा आहे, पण लहान आहे. वयस्कांत तो दिसलाच नाही. रुग्णांच्या समाधानात ठळक फरक दाखवणारे काही हाती लागले नाही.

आणि मग २०१० चा मेयो क्लिनिकचा अभ्यास आला. पारात, पॅग्नानो आणि सहकाऱ्यांनी ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. तीन अंशांच्या चौकटीत बसलेले २९२ गुडघे आणि चौकटीबाहेरचे १०६. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती चौकटीतल्या १५.४ टक्क्यांना आणि बाहेरच्या १३ टक्क्यांना. सरळ बसवलेले गुडघे जास्त टिकले नव्हते. ज्या नियमासाठी संगणक आणले, त्या नियमाखालची जमीनच हलली. टीकाही पुष्कळ झाली : संख्या कमी, रुग्णांची निवड सारखी नाही, ‘बाहेर’ म्हणजे किती बाहेर हे एकत्रच मोजलेले. पुढच्याच वर्षी रिटर यांनी ६,००० हून अधिक गुडघ्यांच्या आधारे दाखवले की नडगीची बैठक आतल्या बाजूला कललेली असेल आणि मांडीच्या बाजूने ती चूक भरून काढलेली असेल तर धोका वाढतोच, आणि वजन जास्त असेल तर आणखी वाढतो. मला या दोन अभ्यासांत विरोध दिसत नाही. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एकूण कोन हा बेरजेचा आकडा आहे. बेरीज शून्य आली म्हणजे दोन्ही बाजू बरोबर आहेत असे होत नाही, आणि बेरीज चार आली म्हणजे दोन्ही चुकल्या असेही नाही.

२०१२ मध्ये बेल्जियमच्या योहान बेलेमन्स यांनी प्रश्न आणखी मागे नेला. त्यांनी २० ते २७ वयाचे, गुडघ्याची कसलीही तक्रार नसलेले २५० तरुण-तरुणी घेतले आणि त्यांच्या संपूर्ण पायाचे एक्स-रे काढले. ३२ टक्के पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया यांचे पाय निसर्गतःच तीन अंश किंवा त्याहून अधिक धनुष्यासारखे वाकलेले निघाले. म्हणजे शून्य हे सर्वांचे घर नाही. असा माणूस साठीत सांधेदुखी घेऊन आला आणि त्याचा पाय काटेकोर सरळ केला, तर आपण त्याला बरे केले की त्याच्या जन्मापासूनच्या ठेवणीपासून तोडले? आतले अस्थिबंध आयुष्यभर एका ताणाला सरावलेले असतात. पाय सरळ करायला ते सोडवावे लागतात, सैल करावे लागतात. निरोगी भारतीय आणि कोरियन प्रौढांच्या मोजणीतही असा नैसर्गिक वाक जवळपास एक-तृतीयांश पायांत आढळला आहे.

याचे सर्वांत टोकाचे उत्तर कॅलिफोर्नियातल्या स्टीफन हॉवेल यांनी आधीच द्यायला सुरुवात केली होती. कायनेमॅटिक अलाइनमेंट हे त्या पद्धतीचे नाव. तत्त्व असे : झिजलेली कूर्चा हिशेबात धरा, हाडावरून इम्प्लांटच्या जाडीइतकाच थर काढा आणि रुग्णाची मूळ तिरपी रेघ जशीच्या तशी परत आणा. अस्थिबंध सोडवायचे नाहीत. पाय शून्यावर आला तर आला. या पद्धतीच्या सुरुवातीला एक डागही आहे आणि तो सांगितला पाहिजे. एमआरआयवरून प्रत्येक रुग्णासाठी वेगळे कापाचे साचे बनवणाऱ्या ओटिसमेड या कंपनीने ते अमेरिकी औषध प्रशासनाची परवानगी नसताना विकले. २०१३ मध्ये याच तंत्राचे नंतरचे साचे गंभीर श्रेणीत परत मागवले गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये ओटिसमेडने गुन्हा कबूल करून आठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. पद्धत चूक होती म्हणून हे घडले नाही. पण नवे लक्ष्य बाजारात उतरवण्याची घाई पुराव्याच्या पुढे कशी धावते, याचे हे उदाहरण प्रत्येक सर्जनने ध्यानात ठेवावे असे आहे.

पद्धतीचा पुरावा काय सांगतो? डॉसेट यांच्या २०१४ च्या चाचणीत ८८ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले गेले. दोन वर्षांनी कायनेमॅटिक गटाचे दुखणे कमी आणि हालचाल बरी होती. न्यूझीलंडमध्ये यंग आणि सहकाऱ्यांनी ९९ रुग्णांवर २०१७ मध्ये तशीच चाचणी केली आणि काही फरक आढळला नाही. नंतरच्या चाचण्याही कधी इकडे तर कधी तिकडे झुकत राहिल्या. नडगीची बैठक तिरपी ठेवल्याने ती सरकते का, हे अत्यंत बारीक हालचाल टिपणाऱ्या एक्स-रे पद्धतीने कॅनडात तपासले गेले. सुरुवातीच्या काळात तरी जास्त सरकणे दिसले नाही. हॉवेल यांच्या स्वतःच्या मालिकेत दहा वर्षांनी बहुतेक गुडघे शाबूत आहेत, पण ज्याने पद्धत घडवली त्याच्याच हातचे निकाल इतरांनी जपूनच वाचावेत.

मध्यममार्गही निघाले. माँट्रियलच्या पास्कल-आंद्रे वेंदितोली यांनी मर्यादित कायनेमॅटिक पद्धत मांडली : मूळ ठेवण जपा, पण काही अंशांपलीकडे जाऊ देऊ नका. दुखण्यामुळे आणि जुन्या आजारामुळे अतिशय वाकडा झालेला पाय हा ‘मूळ’ म्हणून परत आणायचा नाही, हे त्यामागचे शहाणपण आहे. २०२१ मध्ये मॅकडेसी, बेलेमन्स आणि सहकाऱ्यांनी पायांचे नऊ प्रकार पाडले. पाय किती वाकलेला आणि सांध्याची रेघ कोणत्या दिशेला तिरपी, या दोन मापांवर. त्यांच्या ऑस्ट्रेलियन व बेल्जियन पाहणीत दुसरा प्रकार, म्हणजे सरळ पाय आणि आत उतरती रेघ, सर्वाधिक होता. भारतातल्या संधिवाताच्या रुग्णांमध्ये मात्र पहिला प्रकार, वाकलेला पाय आणि आत उतरती रेघ, अधिक दिसतो. तिथल्या मापाने इथला पाय कापला जातो तेव्हा काय होते, हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

आतापर्यंत ज्याविषयी लिहिले तो सगळा वाद समोरून दिसणाऱ्या कोनाचा आहे. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये जो कोन दिसतो, तो मोजला गेला, त्यावर शोधनिबंध निघाले, यंत्रे बनली. जो दिसत नाही तो मागे पडला. तो म्हणजे फिरकीचा कोन : इम्प्लांट स्वतःभोवती आत किंवा बाहेर किती वळून बसले आहे. साध्या एक्स-रेमध्ये तो कळत नाही, सीटी स्कॅन लागतो. आणि रुग्णाच्या रोजच्या दुखण्याशी त्याचा संबंध समोरच्या एक-दोन अंशांपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

१९९८ मध्ये बर्जर आणि सहकाऱ्यांनी वाटीचा त्रास होणाऱ्या रुग्णांचे सीटी स्कॅन केले. मांडीचा आणि नडगीचा भाग मिळून १ ते ४ अंश आत वळले असतील तर वाटी बाहेर कलायला लागते. ३ ते ८ अंशांना ती रुळावरून सरकते. ७ ते १७ अंशांना ती निखळते किंवा तिचे इम्प्लांट मोडते. चढ जितका, त्रास तितका, अशी इतकी स्वच्छ शिडी या शास्त्रात क्वचित दिसते. रुग्णाची तक्रार असते जिना उतरताना पुढून दुखते, खुर्चीवरून उठताना गुडघा धरतो. एक्स-रे पाहून त्याला सांगितले जाते की सगळे व्यवस्थित आहे. समोरून सगळे व्यवस्थितच दिसते.

फिरकी नीट धरायला सर्जनकडे तीन-चार खुणा असतात. मांडीच्या हाडाच्या मागच्या दोन उंचवट्यांना जोडणारी रेघ आणि तिच्यापासून तीन अंश बाहेर. दोन्ही बाजूंच्या टेंगळांना जोडणारा अक्ष. वाटीच्या खोबणीतून जाणारी रेघ, जी व्हाइटसाइड यांच्या नावाने ओळखली जाते आणि १९९५ पासून वापरात आहे. प्रत्येक खूण कधी ना कधी फसवते. मागचा उंचवटा झिजला असेल तर पहिली रेघ फिरते. टेंगळे मऊ उतींखाली असतात आणि एकाच गुडघ्यात दोन अनुभवी सर्जन ती वेगवेगळ्या जागी धरतात. खोबण उथळ असेल तर तिसरी रेघ हलते. नडगीच्या बाजूला वाटीचा पट्टा जिथे चिकटतो त्या उंचवट्याचा आतला तिसरा भाग धरतात. जपानच्या अकागी यांनी २००४ मध्ये सुचवलेली रेघही बरेच जण वापरतात. इथे अडचण अशी की नडगीचा माथा सममित नसतो आणि बहुतेक बैठका सममित असतात. हाड पूर्ण झाकायला गेले की बैठक आत वळते. फिरकी बरोबर ठेवली की एका कोपऱ्यात हाड उघडे राहते. यातले काय सोसायचे हे ठरवावे लागते आणि मला विचाराल तर उघडे हाड सोसावे.

मापाचा प्रश्न याला चिकटूनच येतो. मांडीच्या बाजूचे कवच हाडापेक्षा ३ मिलिमीटर किंवा अधिक बाहेर आले तर दोन वर्षांनी दुखत राहण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते, असे महोनी आणि किन्सी यांनी २०१० मध्ये दाखवले, आणि असे बाहेर येणे स्त्रियांत अधिक आढळले. आपल्याकडे गुडघेबदलाच्या रांगेत स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि त्यांची हाडे लहान आणि पुढून मागच्या खोलीच्या मानाने अरुंद असतात. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा गुडघा भारतीय हाडांची मापे डोळ्यांसमोर ठेवून घडवला तो याच गरजेतून. कोन काटेकोर आणि माप एक नंबर मोठे, असा गुडघा कागदावर उत्तीर्ण होतो आणि मावशींना मात्र दर पावलाला आतल्या कडेला टोचतो.

तिसरा कोन बाजूने पाहताना दिसतो. नडगीचा काप मागे किती उतरता ठेवायचा, मांडीचा मागचा उंचवटा किती राखायचा, यावर गुडघा किती वाकेल हे बरेचसे ठरते. बेलेमन्स यांनीच २००२ मध्ये एका प्रकारच्या इम्प्लांटमध्ये मोजले होते की मागचा उंचवटा २ मिलिमीटर कमी झाला की वाक सरासरी १२ अंशांनी घटतो. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे नाते इतके ठळक आले नाही, पण दिशा तीच राहिली. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या रुग्णाला ११० अंश वाकले की खुर्ची, मोटार, जिना सगळे जमते. आपल्याकडे पंगत आहे, पूजा आहे, शेतातली खुरपणी आहे, भारतीय पद्धतीचा संडास आहे. सर्जन बहुतेकदा सांगतात की आता खाली बसू नका. सल्ला योग्य आहे. पण गावातली बाई तो पाळू शकणार आहे का, हे ऑपरेशनच्या आधी विचारले पाहिजे आणि कोन ठरवताना ते उत्तर वापरले पाहिजे.

इथल्या गुडघ्यांचे आणखी एक वैशिष्ट्य सळईलाच चकवते. आपल्याकडे रुग्ण उशिरा येतात. पाय वीस-वीस अंश वाकल्यावर, काठीशिवाय चालणे थांबल्यावर येतात. त्यातल्या अनेकांचे मांडीचे हाडच बाहेरच्या बाजूला कमानदार असते. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांत हे पद्धतशीर मोजले आहे. अशा पायात हाड आणि भाररेषा यांमधला कोन पाच-सहा अंश नसतो, तो आठ-नऊ किंवा जास्तही असतो. पुस्तकातला ठरीव आकडा साच्यावर लावला की काप पहिल्याच पावलाला चुकतो. याला उपाय साधा आहे : ऑपरेशनआधी खुब्यापासून घोट्यापर्यंत उभ्याने काढलेला पूर्ण एक्स-रे, म्हणजेच स्कॅनोग्राम, आणि त्यावर त्या रुग्णाचा स्वतःचा कोन मोजणे. तो काढतानाही वाटी समोर हवी. पाय थोडा फिरला किंवा गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर फिल्मवरचा कोन बदलतो. नॅव्हिगेशनचा खरा उपयोग मला अशाच वाकड्या, कमानदार, आधी फ्रॅक्चर होऊन सळ्या-स्क्रू बसलेल्या पायांत वाटतो, जिथे पोकळीत सळई जातच नाही.

आता रोबो. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ‘रोबोटिक गुडघा’ असे फलक दिसतात. रुग्ण तो शब्द घेऊनच दवाखान्यात येतात. रोबो स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. आजच्या बहुतेक यंत्रांत करवत सर्जनच्याच हातात असते आणि आखलेल्या सीमेबाहेर ती गेली की यंत्र तिला अडवते. सीटी स्कॅनवरून आधी आराखडा होतो किंवा ऑपरेशनमध्येच हाडावर खुणा घेऊन होतो. काप आखलेल्या कोनात बसतो यात वाद नाही. पण दीर्घ पुरावा तपासायचा झाला तर कोरियातल्या किम यांच्या चाचणीकडे पाहावे लागते. सुमारे १,४०० रुग्ण, जुन्या पिढीचा रोबो विरुद्ध हात, किमान दहा वर्षांचा पाठपुरावा. २०२० मध्ये निकाल आला : गुणांकनात, सैल होण्यात, टिकण्यात फरक नाही. त्यातला रोबो आजच्या यंत्रांपेक्षा वेगळा होता आणि लक्ष्यही यांत्रिक शून्यच होते, हे खरे. मला तरी त्यातून एवढेच कळते की लक्ष्य तेच ठेवून नेम कितीही सुधारला तरी रुग्णाच्या पदरात फारसे काही पडत नाही.

आजच्या यंत्रांची एक गोष्ट मात्र मोलाची आहे आणि जाहिरातीत नेमकी तीच कमी दिसते. हाड कापायच्या आधी पाय सरळ आणि वाकवून ताणला की आतल्या आणि बाहेरच्या फटी मिलिमीटरमध्ये पडद्यावर येतात. काप अर्धा अंश हलवला तर फट किती बदलेल हे आधीच कळते. अस्थिबंध सोडवण्याऐवजी काप जुळवून घेता येतो. इंग्लंडचे मायकेल फ्रीमन सत्तरच्या दशकातच ताणमापकाने अस्थिबंधांचा ताण मोजून काप ठरवावा असे सांगत होते. त्यांच्या हाती साधे लोखंडी साधन होते. आजच्या यंत्राने त्याच आग्रहाला आकडे दिले आहेत. त्याची किंमतही आहे : जास्तीचा वेळ, हाडात खुणेच्या खिळ्यांची छिद्रे, क्वचित त्या छिद्रातून होणारे फ्रॅक्चर, सीटीचे किरण आणि पैसा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती बांधल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या साध्या संचाची ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी तोच संच दीड लाखाच्या घरात जात होता. ही मर्यादा इम्प्लांटवर आहे, यंत्र वापरण्याच्या शुल्कावर नाही. धातूवर वाचलेले पैसे यंत्रावर जाणार असतील तर त्या बदल्यात रुग्णाला काय मिळते, हे विचारायचा त्याला हक्क आहे.

आणि उत्तर द्यायला आपल्याकडे माहिती हवी. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीमुळेच नॅव्हिगेशनचा तो लहानसा फायदा दिसू शकला. भारतात सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. परदेशी नोंदवह्यांतही एक कमतरता आहेच : गुडघा कधी बदलावा लागला हे त्यात असते, तो किती अंशांवर बसला होता हे सहसा नसते. म्हणून कोनांविषयीचे आपले ज्ञान अजूनही मुख्यतः काहीशे गुडघ्यांच्या मालिकांवर उभे आहे आणि त्या मालिका बहुतांश अशा देशांतल्या आहेत जिथे लोक जमिनीवर बसत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती जी फिल्म पडते ती बहुधा गुडघ्याचीच, वीतभर. तिच्यात खुबाही नसतो, घोटाही नसतो, त्यामुळे भाररेषा काढताच येत नाही. तीन महिन्यांनी, सूज उतरून गुडघा सरळ झाल्यावर, उभ्याने एक पूर्ण पायाचा एक्स-रे काढावा. त्यावरून मांडीच्या कापाचा, नडगीच्या कापाचा आणि एकूण पायाचा असे तीन कोन डिस्चार्ज कार्डाला जोडून लिहावेत. पुढून दुखत राहिले तर फिरकीसाठी सीटी करावा. महाराष्ट्रातल्या दहा-वीस मोठ्या केंद्रांनी एवढे जरी नेमाने केले आणि दहा वर्षे जपले, तर इथल्या वाकलेल्या, कमानदार पायांना शून्य मानवते की तीन, याचे उत्तर इथल्याच पायांवरून मिळू लागेल.